बेटाखालचा खड्डा : नाशिकच्या एका प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

९ जून

ऑगस्टच्या शालेय प्रदर्शनासाठी अनघाताईंना ज्वालामुखी हवा आहे. आत लाल दिवा, वरून धूर, पोरं खूश. मी म्हटलं, धुराचा ज्वालामुखी दर वर्षी कोणीतरी करतंच. आपण ज्वालामुखीच्या खाली काय होतं ते दाखवू. ताई भूगोलाच्या, त्यामुळे पटायला वेळ लागला नाही. अट मात्र घातली : "आठवीच्या पोराला दोन मिनिटांत दिसलं पाहिजे. समजलं नाही तरी चालेल एकवेळ, दिसलं पाहिजे."

विषय असा. समुद्रतळावर लाव्हा साचत जातो आणि बेट उभं राहतं. त्याचा भार खालच्या भूपट्टावर येतो. भूपट्ट दबतो, पण फक्त बेटापुरता नाही. तो ताठ असल्यामुळे शे-दोनशे किलोमीटरपर्यंत वाकतो. बेटाभोवती खंदक पडतो आणि खंदकाच्या पलीकडे समुद्रतळ किंचित वर उचलला जातो. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे हवाईचं मोठं बेट. तिथल्या मौना लोआचा माथा समुद्रसपाटीपासून ४१७० मीटरवर आहे. खाली समुद्रतळापर्यंत अजून सुमारे ५ किलोमीटर. आणि डोंगराच्या वजनाने तो तळच साधारण ८ किलोमीटर खाली गेलेला. खऱ्या बुडापासून मोजला तर डोंगर १७ किलोमीटरचा भरतो. त्यातला पाव हिस्सासुद्धा पाण्याबाहेर नाही आणि जवळजवळ निम्मा त्याने स्वतःच पाडलेल्या खड्ड्यात आहे.

ताईंना खड्डा आवडला. मला त्या पलीकडच्या फुगवट्यात जास्त रस आहे. भांडण तिथे होणार, हे आजच लिहून ठेवतो.

१४ जून

फलकाच्या मजकुराला सुरुवात. ताईंनी इतिहास भारतापासून धरला, आणि तो खरोखरच इथून सुरू होतो.

जॉर्ज एव्हरेस्टच्या सर्वेक्षणात मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेकडच्या मैदानातलं कल्याणा या दोन ठिकाणांमधलं अक्षांशाचं अंतर दोन रीतींनी काढलं होतं : एकदा जमिनीवर त्रिकोण मोजून आणि एकदा ताऱ्यांवरून. दोन्ही उत्तरांत ५.२३६ सेकंदांचा फरक आला (हे कोनाचे सेकंद). ताऱ्यांचं माप घेताना ओळंब्यावर भिस्त असते आणि हिमालयाचं वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढतं. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी बसून हिशेब केला की हिमालयाच्या ओढीने फरक किती पडायला हवा. उत्तर आलं १५.८८५ सेकंद. म्हणजे ओळंबा हवा होता त्याच्या तिसऱ्या हिश्शानेच झुकला होता. हिमालय बाहेरून दिसतो तेवढा भारी नाही असं तरी म्हणा, किंवा त्याच्याखाली काहीतरी हलकं आहे असं म्हणा. १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी दुसरी बाजू मांडली : पर्वताखाली हलक्या खडकाचं मूळ खोलवर गेलेलं असतं आणि पर्वत त्यावर तरंगतो. प्रॅट यांचं स्पष्टीकरण वेगळं होतं, पण भूसंतुलनाची चर्चा सुरू झाली ती या हिशेबातून.

एअरींच्या चित्रात प्रत्येक डोंगर सुटा. ज्याचा भार त्याने आपल्याच खाली पेलायचा, शेजाऱ्याला तोशीस नाही. हे चित्र बदललं डच भूभौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स वेनिंग माइनेझ यांनी. हलत्या जहाजावर लंबकाने गुरुत्व मोजता येत नाही, म्हणून हा गृहस्थ १९२०च्या दशकापासून पाणबुडीत बसून समुद्राखाली मोजमापं करत हिंडला. उंची दांडगी, पाणबुडी चिंचोळी. त्या आकड्यांचा त्यांनी लावलेला अर्थ असा की कवच अखंड पत्र्यासारखं वागतं, आणि एका जागचा भार आजूबाजूचा मोठा प्रदेश मिळून उचलतो.

आमचं मॉडेल म्हणजे हा अखंड पत्रा.

१७ जून

सामान ठरलं. भूपट्ट म्हणून ३ मिमी जाडीची सिलिकॉन रबर शीट. खालच्या प्रावरणासाठी (भूपट्टाखालचा तापलेला, सावकाश सरकणारा खडक) काकवी. ॲक्रिलिकची टाकी ६० सेंटीमीटर लांब, २० रुंद. सोळा-सतरा किलो काकवी लागेल. ओंकार (इंजिनिअरिंगचा, तिसऱ्या वर्षाला) म्हणाला, "काका, पाणी का नाही?" दोन कारणं. काकवी पाण्याच्या जवळपास दीडपट जड, त्यामुळे रबर त्यावर तरंगतं, पाण्यात बुडालं असतं. आणि काकवी सावकाश सरकते, म्हणजे भार ठेवल्यावर पट्ट हळूहळू बसताना दिसतो.

भार म्हणजे बांधकामाची १२ मिमी सळई, २० सेंटीमीटरचा तुकडा, टाकीत आडवा. मीटरला ८८८ ग्रॅम या हिशेबाने पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. गोल डोंगर न ठेवता आडवी सळई ठेवायचं कारण : हवाईची बेटं रांगेत आहेत, रांगेचा भार रेषेसारखा धरता येतो, आणि रेषेच्या भाराला फुगवटा जास्त उठतो. गोल भाराचा फुगवटा इतका बारीक की आमच्या टाकीत हाती लागणार नाही.

मग ओंकारसोबत गणित. पत्रा किती लांबवर वाकेल हे दोन गोष्टींच्या ओढाताणीवर ठरतं. पत्र्याचा ताठपणा भार दूरवर पसरवू पाहतो, आणि खालच्या द्रवाची उचल खड्डा आहे तिथेच आवरू पाहते. या दोघांतून एक लांबी निघते. आम्ही तिला 'वाकलांबी' म्हणायला लागलो आहोत. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट तर ताठपणा आठपट. पण वाकलांबी ताठपणाच्या चौथ्या मुळाने वाढते, म्हणून ती तेव्हा पावणेदोनपटीच्याही आतच राहते. आमच्या रबरासाठी उत्तर आलं साधारण ३.६ सेंटीमीटर. फुगवट्याचा माथा भारापासून वाकलांबीच्या पाय-पट, म्हणजे ३.१४ पट अंतरावर : ११ सेंटीमीटरच्या थोडं पुढे. टाकीत आरामात बसतं.

यातली खरी गंमत ही की फुगवट्याची जागा भारावर अवलंबून नाही. सळई जड ठेवा, हलकी ठेवा, खड्डा खोल-उथळ होईल, पण माथा जागचा हलणार नाही. तो फक्त पट्टाचा ताठपणा सांगतो. डोंगराकडे बघून पट्टाची ताकद कळत नाही, ती डोंगरापासून दूर जाऊन मोजावी लागते. मला प्रदर्शनात दाखवायचंय ते एवढंच.

वाईट बातमी : रेषेच्या भाराला फुगवट्याची उंची खड्ड्याच्या खोलीच्या ४ टक्क्यांच्या जरा वर. आमचा खड्डा ९ मिलिमीटर धरला तर फुगवटा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. आठवीच्या पोराला काय, मलाही चष्म्यातून दिसणार नाही.

२४ जून

अंबडहून टाकी आली. सलीमभाईंनी सांधे सुरेख जोडलेत, थेंब गळत नाही. "भाऊ, मासे कुठले ठेवणार?" काकवी म्हटल्यावर काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले.

२८ जून

पहिली चाचणी. सळई ठेवली, रबर बसत गेलं, आणि दोन्ही लांब कडांनी काकवी शीटवर चढून खड्ड्यात उतरली. मग रबर थांबेनाच. सळई तळाशी टेकली.

ओंकार वैतागला, मला मात्र हे फुकटात मिळालेलं प्रात्यक्षिक वाटलं. पट्टाला वर ढकलणारा जोर येतो तो खाली सरकवलेल्या द्रवाचं वजन आणि खड्ड्यात भरलेल्या मालाचं वजन यांच्या फरकातून. खड्ड्यात हवा असेल तर जोर पूर्ण, पाणी असेल तर कमी, खडक असेल तर फारच थोडा. वरही काकवी आणि खालीही काकवी, म्हणजे फरक शून्य. हवाईत खंदक रिकामा राहत नाही. बेटांचे कडे कोसळून खाली येतात, त्यावर गाळ बसतो, आणि काही ठिकाणी हा भराव २ किलोमीटरपेक्षा जाड आहे. ओआहू बेटाचा एक अख्खा कडा असाच समुद्रात घसरला. त्यातला सर्वांत मोठा तुकडा तळावर पडलेला आहे, लांबी सुमारे ३० किलोमीटर. नाशिक ते घोटी एवढा एक दगड म्हणा. हा सगळा भराव पट्टाला आणखी दाबतो. बेट डोक्यावरचं ओझं अंगाखाली टाकतं, पण ओझं जातं कुठे? तिथेच.

उपाय सोपा. शीटच्या खालून पातळ प्लास्टिकचा कागद, कडांना वर उचलून टाकीच्या भिंतीला सैल टेकवलेला. काकवी बाहेर, रबर आत.

५ जुलै

मुंग्या. टाकीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेत, आजी दुधाच्या कपाटाला करायची तसे. पावसाने हवा गार झाली आणि काकवी चांगलीच घट्ट आलीय, सळई बसायला मिनिटं लागतात. चालेल. बसण्याचा वेळ काकवीच्या घट्टपणावर, पण शेवटी किती बसणार हे त्यावर नाही.

१२ जुलै

फुगवटा दिसला. अर्धा मिलिमीटर सरळ बघायचा नाही, त्याचा उतार बघायचा, हे ठरवून भद्रकाली मार्केटमधून आभली आणली. घागऱ्याला लावतात ती गोल, नखाएवढी. शीटवर सळईपासून दर दोन सेंटीमीटरला एक आभलं दुहेरी टेपने चिकटवलं. लेझर पॉइंटर क्लॅम्पमध्ये धरून सळईच्या बाजूने तिरपा मारला. आभल्यावरून उसळलेला ठिपका ३ मीटरवरच्या भिंतीवर.

सळई न ठेवता प्रत्येक आभल्याच्या ठिपक्याची जागा भिंतीवर पेन्सिलीने टिपली. मग सळई ठेवली, चहा प्यायलो, आणि पुन्हा एकेक आभलं घेतलं. ८ सेंटीमीटरवरच्या आभल्याचा ठिपका ३० सेंटीमीटर वर चढला होता. १० वरच्याचा १० सेंटीमीटर. १२ वरचा जागचा हलला नव्हता. आणि १४ वरचा साडेतीन सेंटीमीटर खाली उतरला होता!

ओंकारने तीनदा लेझर फिरवला. वर, स्थिर, खाली. आतल्या बाजूचं रबर सळईकडे उतरतं, बाहेरच्या बाजूचं सळईपासून दूर उतरतं, आणि मधे १२ सेंटीमीटरवर माथा. हिशेब ११.४ चा होता. रबराचा ताठपणा आम्ही दुकानदाराच्या शब्दावर धरला होता, तेव्हा एवढा फरक मला मान्य आहे. उलट आता दुकानदाराला सांगता येईल की त्याचं रबर त्याने सांगितल्यापेक्षा थोडं ताठ आहे.

ताई संध्याकाळी आल्या. भिंतीवरचा ठिपका उलट्या दिशेने सरकताना पाहिला आणि म्हणाल्या, "हे दिसतंय." भांडण मिटलं.

१९ जुलै

ओंकारचा प्रोग्राम चालला. समुद्रतळाच्या खोलीची जगाची माहिती जेबको या नकाशा-संग्रहावर फुकट मिळते. हवाईच्या रांगेला काटकोनात छेद काढला. बेट, मग खंदक, मग चढत जाऊन साधारण २५० किलोमीटरवर कमानीचा, म्हणजे आमच्या फुगवट्याचा, माथा. कागदावर ऐटदार दिसते, पण समुद्रात ती शंभर किलोमीटरमागे काही शे मीटर एवढीच चढते. वरून जहाजाने गेलं तर पत्ता लागणार नाही.

एक सावधगिरी. हवाईच्या भोवती हजाराहून जास्त किलोमीटर रुंदीचा एक प्रचंड उंचवटाही आहे. तो भाराने वाकून आलेला नाही. खालच्या उष्ण प्रावरणाने समुद्रतळ तिथे वर धरलाय. तो मोठा उतार आधी वजा केला, तेव्हाच कमान नीट सुटी झाली. इंटरनेटवरच्या बऱ्याच चित्रांत या दोघांची सरमिसळ आहे.

आता १७ जूनचंच गणित उलटं. २५० भागिले ३.१४, वाकलांबी ८० किलोमीटर. त्यावरून ताठपणा, आणि ताठपणावरून जाडी : ३४ किलोमीटर. एका मोजपट्टीच्या अंतरावरून पॅसिफिक भूपट्टाची जाडी! अर्थात ही लवचिक जाडी. भूपट्ट त्याहून बराच जाड आहे, पण खालचा भाग इतका तापलेला की लाखो वर्षांच्या भाराखाली तो काकवीच्या जातीतला होतो. भार पेलतो तो साधारण ४५० अंश सेल्सियसपेक्षा थंड असलेला वरचा भाग. म्हणून भूपट्ट म्हातारा तितका ताठ. हवाईखालचा पट्ट सुमारे ९ कोटी वर्षांचा, चांगला निवलेला. मध्य-महासागरी कण्याजवळ कोवळ्या पट्टावर उभा राहिलेला ज्वालामुखी आपल्या पायाखालीच खचतो, दूरवर कमान-बिमान काही उठत नाही. एअरींचं चित्र तिथे बरंचसं लागू पडतं.

वाकणं फुकट होत नाही. १५ ऑक्टोबर २००६ ला हवाईच्या किहोलो उपसागराजवळ ६.७ महत्तेचा भूकंप झाला, केंद्र जवळपास ३९ किलोमीटर खोल. ९ फेब्रुवारी २०२४ ला पाहालाजवळ ५.७ चा, ३७ किलोमीटरवर. दोन्ही लाव्हाच्या हालचालीचे नव्हते. ओझ्याखाली वाकणाऱ्या पट्टातला ताण सुटल्याचे होते. फलकावर हे ठळक टाकायचं.

२७ जुलै

हवाईच्या जागी हिंदी महासागरातलं रियुनियन बेट घ्यावं, असं माझ्या मनात पहिल्यापासून होतं. कारण उघड आहे. ज्या तप्तबिंदूवर (प्रावरणातून उष्णता वर येते ती जागा) आज रियुनियन आहे, त्याच्यावरून ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपली दख्खन सरकत होती. ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेणीचा काळा कातळ त्या काळचा. भारत उत्तरेला सरकत गेला आणि मागे ज्वालामुखींची माळ राहिली : लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस, शेवटी रियुनियन. १९८७ मध्ये जॉइडीस रेझोल्यूशन जहाजाने या माळेवर छिद्रं पाडली. मालदीवजवळचा बेसॉल्ट ५.७ कोटी वर्षांचा निघाला, चागोसचा ४.९ कोटी. दक्षिणेला वय कमी कमी होत जातं. नाशिकच्या पोरांना आपलं वाटेल असं दुसरं बेट नाही.

पण रियुनियन पुस्तकाप्रमाणे वागत नाही. १९९०च्या दशकात तिथे भूकंपलहरींचं सर्वेक्षण झालं, आणि बेटाखालचं समुद्री कवच अपेक्षेएवढं वाकलेलं आढळलं नाही. काही भागात ते जवळजवळ सपाट आहे. तिथला पिटोन दे नेज डोंगर ३०७० मीटर उंच, वजन काही लहान नाही. म्हणजे नुसतं वजन आणि ताठपणा एवढ्यावर भागत नाही. खालून मिळणारी उष्ण प्रावरणाची उचल, कवचाच्या बुडाशी साचलेला मॅग्मा, पट्टाचा आधीचा इतिहास, सगळंच हिशेबात येतं. ताई म्हणाल्या, मुलांचा गोंधळ होईल, वगळू. मी ऐकलं नाही. रियुनियनचा छोटा फलक राहणार, शीर्षक 'हे बेट का वाकवत नाही?' उत्तराची जागा मोकळी.

ओंकारने याच ओघात पनवेल फ्लेक्शर काढला. पनवेल-मुंबईकडे बेसॉल्टचे थर पश्चिमेला समुद्राकडे कलतात, मग तो आपला वाकलेला पट्ट का नाही? नाही. तो बाक पश्चिम किनारा तुटण्या-ताणण्याशी जोडला जातो, डोंगराच्या ओझ्याशी नाही. नावात वाकणं आलं म्हणून कारण एक होत नाही.

४ ऑगस्ट

गोदावरीला पूर. रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी, शाळेला सुट्टी, म्हणून ताई, ओंकार आणि त्याची धाकटी बहीण माझ्याकडेच. हवाईतल्या हिलो बंदराचा फलक मारुतीने सोडवला. नाशिककर पुराचं माप मारुतीवर वाचतात : घोट्याला, गुडघ्याला, कमरेला. मी बहिणीला विचारलं, समज मारुतीच दर वर्षी थोडा खाली खचत असेल तर? ती म्हणाली, "मग आपल्याला वाटेल पाणी जास्त आलं."

हवाईच्या हिलो बंदरातल्या समुद्रपातळीच्या मापकाचं हेच होतं. होनोलुलूच्या तुलनेत हिलोला समुद्र साधारण दुप्पट वेगाने चढताना दिसतो. समुद्र तोच. हिलो असलेलं बेट तरुण आहे, अजून वाढतंय, त्याच्याखाली पट्ट अजून वाकतोय, म्हणून मापकच खाली जातो. मापकाची नोंद शे-सव्वाशे वर्षांची, पण खडकाची त्याहून लांब. १९९९ मध्ये हिलोला ३ किलोमीटरपेक्षा खोल छिद्र पाडलं. उघड्या हवेत वाहिलेला लाव्हा आणि पाण्यात थिजलेला लाव्हा वेगळे ओळखू येतात. हवेत वाहिलेले थर समुद्रसपाटीच्या खाली सुमारे १०८० मीटरपर्यंत सापडले. म्हणजे एक किलोमीटर खोलीवरचा तो खडक एके काळी जमिनीवरून वाहत होता. वयावरून दर निघतो वर्षाला अडीच मिलिमीटरच्या आसपास.

बहिणीचा पुढचा प्रश्न : मग मालदीवही असंच बुडतंय का? इथे ताईंनी ताबा घेतला, आणि बरं झालं. बेट खाली जायची कारणं वेगळी, वेगही वेगळे. ओझ्याने वाकणं घाईचं, ज्वालामुखी वाढत असतो तोवर आणि त्यानंतर थोडाच काळ. मग पट्ट त्या भाराला बसून जातो. त्यानंतर चालतं ते थंड होणं : समुद्रतळ निवतो, आकसतो, खोल जातो, अतिशय सावकाश, कोट्यवधी वर्षं. जोडीला पावसाची झीज. मालदीवचा ज्वालामुखी वाकण्याच्या भानगडीतून केव्हाच सुटला. तो गेला निवत निवत, आणि त्याच्यावर प्रवाळ चढत राहिलं, आज सुमारे २ किलोमीटर जाड. ज्वालामुखी खाली जातो आणि प्रवाळ वर वाढत राहतं, ही कल्पना चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्ये मांडली होती. पुरावा ११० वर्षांनी मिळाला : १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनेवेटाक कंकणद्वीपावर सुमारे १४०० मीटर खोल गेल्यावर प्रवाळ संपून बेसॉल्ट लागला.

पाणी रात्री उतरलं.

११ ऑगस्ट

फलक छापायला गेले. शेवटच्या क्षणी मुख्याध्यापकांचा प्रश्न : गंगापूर धरणाच्या पाण्याने आपल्याखालचा पट्ट वाकतो का? प्रश्न चांगला, म्हणून फलकावर घेतला. धरणात साडेपाच टीएमसीच्या वर पाणी मावतं, म्हणजे जवळपास १६ कोटी टन. एकट्या मौना लोआचा खडक अशा तेरा लाख धरणांएवढा भरतो. शिवाय धरणाची रुंदी काही किलोमीटरची. भार वाकलांबीपेक्षा फार अरुंद असला की ताठपणा तो परस्पर पेलून नेतो. जमीन दबते ती केसभर, भूपट्टाला पत्ताही नसतो.

२३ ऑगस्ट

प्रदर्शन. ताईंच्या सूचनेवरून खेळ केला. दोन टाक्या (दुसरी सलीमभाईंनी उधार दिली), एकीत ३ मिमीचं रबर, दुसरीत ५ मिमीचं, कडांना काळा कागद लावून जाडी झाकलेली. सळई दोन्हीकडे तीच. पोरांनी रबराला हात न लावता, फक्त लेझर आणि आभल्यांवरून जाड कोणतं ते सांगायचं.

बहुतेकांनी आधी खड्ड्यात डोकावून बघितलं. जाड रबरात खड्डा उथळ असतो, त्यामुळे उत्तर तिथूनही मिळालं असतं. म्हणून आम्ही जाड रबरावरच्या सळईवर गुपचूप दुसरी सळई चढवली आणि वर कापड टाकलं. खड्डे उलटे झाले, अंदाज चुकायला लागले. मग लेझर. एका टाकीत ठिपका १२ सेंटीमीटरवर उलटा फिरतो, दुसरीत साडेसतराच्या सुमारास. वजन बदललं तरी आकडे तेच. सातवीतल्या एका मुलीने वहीत दोन्ही आकडे लिहिले, कापड उचलायला सांगितलं, सळया मोजल्या आणि आम्हाला म्हणाली, "तुम्ही वजन वाढवून फसवत होता. पण हा आकडा फसत नाही."

धुराचा ज्वालामुखी शेजारच्या दालनात होता. गर्दी तिकडेच जास्त होती, ते असो.

रियुनियनच्या मोकळ्या जागेत पोरांनी बरंच लिहिलं. 'आतून पोकळ असेल.' 'अजून वजन यायचंय.' 'खालून गरम आहे म्हणून.' तिसरं ज्याने लिहिलं, त्याने नाव लिहिलेलं नाही.

३१ ऑगस्ट

आवराआवर. काकवीला आंबूस वास यायला लागला होता, टाकून दिली. पुढच्या वेळी ग्लुकोज सिरप.

शाळेला दोन्ही टाक्या ठेवायच्या आहेत. ओंकारला मंगळ करायचा आहे. तिथल्या उत्तर ध्रुवावर बर्फाचा जाड थर आहे आणि २००८ मध्ये रडारने बघितलं तेव्हा त्याच्याखालची जमीन जवळजवळ सपाट निघाली, म्हणजे तिथलं शिलावरण फारच ताठ, लवचिक जाडी ३०० किलोमीटरच्या वर. आमच्या मापात त्यासाठी निदान १० मिमीचं रबर हवं. त्याचा माथा ३० सेंटीमीटरच्या जवळ जाईल, आणि ६० सेंटीमीटरच्या टाकीत तिथे नेमकी भिंत येते. सव्वा मीटरची टाकी लागेल. सलीमभाईंना भाव विचारलाय, ॲक्रिलिक ८ मिमीचं.